चौथी टाकसाळ

बँकेच्या कॅश काउंटरवर उभा जन्म काढलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. एवढा पैसा हाताखालून जायचा, कधी मोह नाही झाला? नोटांचा कधीच झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात जाऊन सांगेन. मोह झाला तो नाण्यांचा. तोही चोरीचा नव्हता, पण त्यातून जे घडलं त्यापेक्षा चोरी परवडली असती.

आधी आमचा धंदा समजावून सांगतो. आमची शाखा केज तालुक्यातली, सहकारी बँकेची. नाव लिहीत नाही, आज तिथं काम करणाऱ्या पोरांना उगाच ताप नको. आम्हाला नाणी मोठ्या सरकारी बँकेतून यायची, सील लावलेल्या पिशव्यांतून. पिशवी फोडायची, पन्नास नाण्यांची चळत लावायची, कागदात घट्ट गुंडाळायची आणि दोन्ही टोकं आत दुमडायची. याला आम्ही कांडी म्हणायचो. टोकाला थोडी फट ठेवायची, म्हणजे आत रुपया आहे की दोन रुपये, ते कांडी न फोडता दिसतं. वर बँकेचा शिक्का आणि बांधणाऱ्याची सही. झालं काम.

आता नाणं कुठल्या टाकसाळीतून आलं, हे नाण्यावरच असतं. ते कोणी वाचत नाही एवढंच. साल छापलेलं असतं ना, त्याच्या खाली बघायचं. बारीक तारा असला तर हैदराबाद. पत्त्यातल्या चौकटीसारखा हिरा असला तर मुंबई. गोल ठिपका असला तर नोएडा. आणि चौथी टाकसाळ कलकत्त्याची, ती कसलीच खूण करत नाही. सालाखाली मोकळं दिसलं की समजायचं, कलकत्ता. मी अशा नाण्याला कोरं म्हणायचो. हे चौथं नीट लक्षात ठेवा. माझ्याकडून ते एकदा सांगायचं राहून गेलं, आणि हा सगळा लेख त्या राहून गेलेल्या वाक्याचा आहे.

नाणी ओळखायचं वेड मला वडिलांकडून लागलं. त्यांनी निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही वापरलेले. वाजवून सांगायचे कुठला कोणता. मी त्यांच्या एक पाऊल पुढं गेलो. बांधलेली कांडी नुसती हातात घेऊन सांगायचो, ही हैदराबादची, ही मुंबईची. त्यात जादू काही नाही. सीलबंद पिशवीतून सरळ आलेली नाणी एकाच टाकसाळीची असतात. त्यांच्या कडा एकसारख्या चमकतात, दोन्ही टोकांना एकच खूण दिसते. उजेड कमी असला तर नख फिरवायचं. ताऱ्याची टोकं नखाला लागतात. बाजारातून फिरून आलेल्या नाण्यांची कांडी म्हणजे खिचडी, ती हाताला लगेच कळते. आमचे शिपाई रज्जाकभाई माझ्याशी चहाची पैज लावायचे आणि हरायचे. मी हरलो असं मला तरी आठवत नाही. त्यांना आठवत असेल.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष. साखर कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, ऊसतोडीला जाणारी माणसं पार लांबच्या जिल्ह्यात गेली, जनावरं छावणीत गेली. शाखेत माणसं यायची ती कामाला नव्हे, पंख्याखाली बसायला. ठेव ठेवायला कोणी नाही, काढायलाही फारसं कोणाकडं उरलं नव्हतं. दुपार काढायची कशी, हा प्रश्न होता. मी तो माझ्या पद्धतीनं सोडवला. बाजारातून आलेली खिचडी नाणी मी टाकसाळीप्रमाणं निवडायला लागलो. बायका तांदूळ निवडतात तसं. तारे एकीकडं, हिरे एकीकडं, ठिपके एकीकडं, कोरी एकीकडं. प्रत्येकाची वेगळी कांडी बांधायची आणि कागदावर लाल पेन्सिलीनं लिहायचं: ता, हि, ठि, को. असं लिहायची परवानगी कोणाचीच नव्हती. पण कपाटात त्या चार रांगा लागलेल्या बघितल्या की मला फार बरं वाटायचं. बाहेर सगळा इस्कोट झालेला होता, माझ्या कपाटात तेवढी शिस्त होती.

त्याच दिवसांत, बाजाराच्या दिवशी, बन्सीशेठ काउंटरवर आले. तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. गाव लहान, दुकान एकच, त्यामुळं बन्सीशेठनी जे घेतलं ते चलन आणि नाकारलं ते खडा. त्यांच्या हातात दोन रुपयांचं एक गुळगुळीत नाणं होतं.

"क्याशरसाहेब, ह्ये खरं हाय का बनावट, बगा बरं. आजकाल कुणाचा भरवसा न्हाई."

काउंटरपुढं दहाबारा माणसं. मी खुललो. नाणं उचलून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हणालो, "सालाखाली बघा, बन्सीशेठ. तारा दिसतो? म्हणजे हैदराबाद. हिरा असता तर मुंबई, ठिपका असता तर नोएडा. ही सरकारची सहीच समजा."

सही हा शब्द माझाच. मला तो तेव्हा फार छान सुचला असं वाटलं होतं. पुढं कलकत्त्याचं सांगणार तेवढ्यात आतून शाखाधिकाऱ्यांनी हाक मारली, मुख्य कचेरीचा फोन होता. मी उठलो. परत आलो तेव्हा बन्सीशेठ गेलेले होते. बाकीची माणसं आपापल्या खिशातली नाणी उन्हात धरून बघत होती, त्याचंही मला कौतुकच वाटलं.

याच्या चौथ्या दिवशी सुमनबाई आल्या. त्या बन्सीशेठच्याच गावच्या, तिथल्या महिला दूध संस्थेच्या सचिव. चाळिशीच्या, शिक्षण सातवी, आणि हिशेबाला अशा पक्क्या की आमचे शाखाधिकारी त्यांच्यापुढं पुन्हा एकदा बेरीज करायचे. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे न्यायला यायच्या. त्या वर्षी म्हशी पान्हवतच नव्हत्या. कोणाचे साठ रुपये, कोणाचे त्र्याहत्तर. नोटांनी वाटप होईना.

"साहेब, चिल्लर द्या. लई द्या. बायांची येका येका रुपयावरनं तोंडं वाकडी हुत्यात."

मी कपाट उघडलं. ताऱ्याच्या कांड्या द्यायचा जीव झाला नाही. हिऱ्यांची रांग मोडवेना. ठिपक्यांच्या तर दोनच होत्या. मग कोऱ्या उचलल्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि सुमनबाईंच्या पिशवीत घातल्या. खिचडी नाणी दिली असती तर शंभरातली वीसपंचवीस कोरी निघाली असती, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मी निवडून, वेचून, एका गावाला नुसती बिनखुणेची नाणी दिली. आणि बिनखुणेचं ते खोटं, हे त्या गावाला आधीच शिकवून ठेवलेलं होतं.

त्या वेळी हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते दोन दिवसांनी, रज्जाकभाई कामावर आल्या आल्या काउंटरशी थांबले तेव्हा. ते त्याच गावचे.

"साहेब, गावात लई गडबड हाय. सुमनबाईनं खोटे पैसे वाटले म्हनत्यात. बन्सीशेठ येक बी नाणं घेईना. म्हनतो, सरकारची सही न्हाई ह्याच्यावर."

माझ्या हातातली कांडी खाली आली. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हनू? मला ते टाकसाळीचं कुटं येतंय."

मी तसाच आत शाखाधिकाऱ्यांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते, घाबरट नव्हते, पण त्या वर्षी सहकारी बँकेत बसलेला प्रत्येक माणूस जीव मुठीत धरून बसला होता. आज ही संस्था बंद पडली, उद्या ती पडणार, एवढंच कानावर यायचं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"गायकवाड, आपल्या बँकेतून बनावट नाणी गेली, एवढं वाक्य सुटलं तरी उद्या दारात ठेवीदार उभे राहतील. खरं-खोटं नंतर. तू काही बोलू नकोस. नाणी काय, कुठूनही येतात. चार दिवसांत विसरतील लोक."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटलेपण दुपारपर्यंत टिकलं. जेवणाचा डबा उघडला आणि आठवलं, कांडीचे कागद. प्रत्येक कागदावर बँकेचा शिक्का, माझी सही, आणि लाल पेन्सिलीनं माझ्या हातचं "को". ते कागद सुमनबाईंच्या घरात होते. त्यांनी एक कागद कोणापुढं धरला की विषय संपला. त्या निर्दोष आणि मी नोकरीतून बाहेर.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाहेर जीप थांबली की माझं लक्ष दाराकडं. सुमनबाईंसारखं हिरव्या काठाचं लुगडं दिसलं की मी मान खाली घालून नोटा मोजायला लागायचो. एकीकडं वाटायचं, तिनं कागद घेऊन यावंच आणि एकदाचं होऊन जावं. दुसरीकडं मनात हिशेब, की बायकांनी ते कागद चुलीत घातले असतील, कागद कोण जपून ठेवतं. हा हिशेब मी दिवसातून दहा वेळा करायचो आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली म्हणून मी काही केलं मात्र नाही. नाणी निवडायची बंद केली, एवढंच. कपाटातल्या तीन रांगा एका ताटात ओतल्या आणि कालवून टाकल्या.

रज्जाकभाई रोज सकाळी बातमी आणायचे. मी विचारत नव्हतो, तरी सांगायचे. चार बायकांनी खाजगी डेअरीच्या गाडीला दूध घालायला सुरुवात केली. कोणीतरी म्हणालं, सुमनबाईचा भाऊ पुण्याला असतो, त्यानंच नाणी पाडून पाठवली. भाऊ बिचारा कुठल्याशा कंपनीत पहारेकरी होता. मग बातमी आली की गुरुवारी संस्थेची बैठक आहे आणि सुमनबाईला सचिवपदावरून काढायचं ठरलंय. ती गेली की संस्थाही गेली, हे सगळ्यांनाच कळत होतं. खाजगी डेअरीवाला तर वाटच बघत होता.

गुरुवारी सकाळी रज्जाकभाईंनी रजेचा अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"मी चाल्लो बैठकीला. पर मला ते चार टाकसाळीचं बोलता येत न्हाई, साहेब. तुमाला येतं."

एवढंच बोलून ते गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट. शाखाधिकारी त्या दिवशी मुख्य कचेरीत गेलेले. मी तिजोरीच्या किल्ल्या जोडीच्या कारकुनाच्या हवाली केल्या, रजेचा अर्ज लिहिला आणि केजच्या जीप-थांब्यावर जाऊन उभा राहिलो. एक जीप सोडली, फार भरली होती म्हणून. दुसरी सोडली, ती तर निम्मी मोकळी होती. तिसरीचा ड्रायव्हर म्हणाला, "कावून थांबला बे काका, बस की." मी बसलो. त्यानं बे म्हटल्याचा एरवी मला राग आला असता.

दूध संस्थेची पत्र्याची खोली. बाहेर कडुनिंबाखाली तीसेक बायका, पाचसहा पुरुष, आणि मधे सतरंजीवर त्या नाण्यांचा ढीग. सुमनबाई एका बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच बोललो. टाकसाळी तीन नाहीत, चार आहेत. चौथी कलकत्त्याची, ती खूण करत नाही. ही नाणी आमच्या बँकेतून मी दिली. निवडून दिली. सगळी खरी आहेत. अर्धवट सांगितलं ते मी, दोष माझा आहे, सुमनबाईंचा नाही. नंतर या भाषणाबद्दल मला मेमो मिळाला, पण तो मेमो आला तेव्हा मी चहा घेत होतो आणि चहा गार होऊ दिला नाही.

माझं बोलून झालं तरी कोणाचा चेहरा बदलला नाही. बन्सीशेठ उठले.

"साहेब, त्या दिवशी तुमीच म्हनला, सरकारची सही हाय म्हून. आता म्हनता बिनसहीचं बी चालतं. आमी कोन्तं खरं धरायचं?"

त्यांचं बरोबर होतं. एक म्हातारी पुढं आली, म्हणाली, "जाऊ द्या की, बदलून द्या आमाला. मिटलं." मी त्याच तयारीनं गेलो होतो. पदरच्या पैशातून नोटा आणल्या होत्या. खिशात हात घातला तोच सुमनबाई पहिल्यांदा बोलल्या.

"एक बी नाणं बदलायचं न्हाई. बदललं म्हंजी खोटं हुतं, असंच ठरंल."

खिशातला हात मी तसाच बाहेर काढला. सुमनबाई भिंत सोडून मधे आल्या आणि बन्सीशेठपुढं उभ्या राहिल्या.

"शेठ, ह्यातलं माझं येक तरी नाणं तुमी घेतलं का?"

"न्हाई. येक बी न्हाई. वापस केलं समद्यांचं."

"पक्कं?"

"आवं पक्कं म्हंजी काय. समदं गाव साक्षीला हाय."

"मंग तुमचा चिल्लरचा डबा आना. आनि त्यात बगा."

बन्सीशेठ हसले. दुकान समोरच होतं. त्यांनी स्वतः जाऊन डबा आणला, बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ओतला. बायका वाकल्या. माझ्याच पद्धतीनं, सालाखाली नख फिरवत, एकेक नाणं बघायला लागल्या. तारा. हिरा. तारा. मग तीच म्हातारी म्हणाली, "ह्ये कोरं हाय गं." थोड्या वेळानं दुसरी म्हणाली, "ह्ये बी." मग एकेकीच्या हातात निघायला लागली. कोणाला दोन, कोणाला पाच. ढीग जमला. मी मोजला नाही, मोजायची गरजही नव्हती.

"ही कुटून आली, शेठ?" सुमनबाईंनी विचारलं. "माझी तर तुमी घेतली न्हाईत."

बन्सीशेठनी एक नाणं उचललं, उन्हात धरलं, परत ठेवलं. "वर्साची हाईत ही. दोन वर्साची बी असतील." मग हळूच म्हणाले, "म्या माजा डबा बगितलाच न्हाई."

कोणीतरी हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. बन्सीशेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं तिथंच सगळ्यांपुढं सांगितलं की उद्यापासून दुकानात सगळी नाणी चालतील. बायकांनी आपापली नाणी पदरात बांधून घेतली. सचिवपदाचा विषय कोणी काढलाच नाही. खाजगी डेअरीला गेलेल्या चौघींपैकी तिघी परत आल्या, एक आली नाही. संस्था त्या दुष्काळातून निभावली.

माझ्या अंगातला ताण एकदम उतरला. रज्जाकभाईंनी चहा आणला, तो मी दोनदा घेतला, दोन विनोदही केले. मनात म्हणत होतो, बरं झालं आलो, मोठंच काम केलं आपण. सुमनबाई मला जीपपर्यंत सोडायला आल्या. जीपचा ड्रायव्हर अजून आला नव्हता. त्यांनी कमरेची पिशवी काढली आणि तिच्यातून चौकोनी घडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिला.

उलगडायची गरज नव्हती. लाल पेन्सिल बाहेरूनच दिसत होती.

"पैल्या दिसापासनं हाय माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "सही तुमची. अक्शर बी वळखते मी."

"मग दाखवला का नाहीत, सुमनबाई? एका मिनिटात सुटला असतात तुम्ही."

"मी सुटले असते. तुमी अडकला असता." त्या रस्त्याकडं बघत होत्या. "आनि म्हनलं, बगू. मानूस चांगला हाय, आपून हून यील. आज येतील, उद्या येतील."

मला वाटलं त्या एवढं बोलून थांबतील. गावाबाहेर टँकर येऊन उभा राहिला होता आणि बायका घागरी घेऊन तिकडं निघाल्या होत्या.

"आठ दिस लागले तुमाला," सुमनबाई म्हणाल्या. "आठ दिस ह्या बाया टँकरच्या लायनीत माझी घागर उचलून समद्यात मागं ठेवत हुत्या. माझ्या वाट्याला नुसता गाळ यायचा. लेकरांना त्योच गाळून पाजला."

त्या रागानं बोलल्या नाहीत. सांगायचं होतं ते सांगितलं आणि टँकरकडं निघाल्या. ड्रायव्हर आला, जीप सुरू झाली. मागच्या काचेतून मला रांग दिसली. सुमनबाईंची घागर कोणीतरी पुढं सरकवत होतं.

तो कागद मी अजून फाडलेला नाही. त्यावर अक्षर माझंच आहे.